संत्र्याचं कलम घेताना खुंट विचारा

गावच्या रोपवाटिकांतूनच रोपं घ्या, हे रोपखरेदीवरच्या लेखातलं आवाहन मनापासून पटलं. लांबून मागवलेलं रोप कुठल्या हवेत वाढलं कोण जाणे. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडचं रोप आपल्याच ४५ अंशांच्या उन्हात तगलेलं असतं. संत्र्याचं कलम घेताना खुंट, म्हणजे ज्या लिंबूवर्गीय रोपावर संत्र्याचा डोळा (कोंब) भरतात ते खालचं रोप, जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा, हे जरूर विचारा. लावताना डोळा भरलेला जोड मातीच्या वरच ठेवा. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, जोड बुडाला की डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाला, आयतं निमंत्रण. वावर नसलं तरी दारात कढीपत्ता, शेवगा लावाच; शेवगा तर फांदी खोचूनही लागतो. आणि कृपा करून रोपवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, अख्खा उन्हाळा पाणी घालून त्यानं ती रोपं जगवली असतात.