फरक ५,४००, मोदक २१

रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि ५,४०० रुपये सापडत नव्हते.

चोरीला वगैरे गेले नव्हते. पैसे होते तिथेच होते. फक्त बँकेचं स्टेटमेंट एक म्हणत होतं आणि आमचं बुक दुसरं, आणि दोघांच्या म्हणण्यात ५,४०० चा फरक येत होता. मार्च संपायला दोन दिवस. बाकी सगळी खाती जुळलेली. ‘एवढे मी खिशातून भरतो आणि घरी जातो’ असं मी एकदा सरांना सुचवून पाहिलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी बावीस वर्षांची नोकरी वाहून गेली.

माझ्या मॉनिटरवर दुहेरी चिकटपट्टीने बसवलेला एक छोटा प्लॅस्टिकचा गणपती आहे. कोणी, कधी बसवला माहीत नाही, टेबलाबरोबरच तो मला मिळाला. उन्हाळ्यात चिकटपट्टी मऊ होते आणि तो हळूहळू पुढे कलतो, त्यामुळे मार्चमध्ये तो अगदी स्क्रीनमध्ये डोकावून बघतोय असं वाटतं. सात वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. त्या रात्री बोललो.

माणूस देवाशी बोलायला लागला की लगेच घासाघीस का करतो कळत नाही. मी नारळापासून सुरुवात केली. काही झालं नाही. मग अकरा मोदक. स्टेटमेंटचं चौथं पान पुन्हा तपासलं, तसंच. एकवीस मोदक. पाचवं पान. शेवटी पावणेदहाला, पोटात सकाळच्या डब्यानंतर फक्त चहा असताना, माझ्या तोंडून निघालं, “एकवीस. उकडीचे. संकष्टीला. उपवास धरून. माझ्या स्वतःच्या हाताने.”

हे शेवटचे तीन शब्द कशासाठी? कोणी मागितले होते? समोरचा गप्प बसला की आपण आपणहून भाव वाढवतो, हे मी दर महिन्याला खरेदी विभागाला ऐकवतो.

आणि पुढच्याच मिनिटाला मला पहिल्या नोकरीतले आमचे म्हातारे हेडक्लार्क आठवले. ते म्हणायचे, फरक आला की आधी नऊने भाग जातो का बघ. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले, तर येणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ५,४०० भागिले नऊ, सहाशे. म्हणजे गडबड हजार आणि शतकाच्या घरात, आणि त्या दोन आकड्यांत सहाचं अंतर. दोन-आठ किंवा तीन-नऊ असं काहीतरी. चार मिनिटांत सापडलं. ८,२५० चं बिल २,८५० म्हणून टाकलं होतं. गेले दोन तास मी ज्या ज्युनिअर पोराला फाडून खात होतो, ते बिचारं माझ्या मागेच उभं होतं. एंट्री कोणाच्या लॉगिनने पडली आहे, हे आम्ही दोघांनी एकदमच वाचलं. माझ्या.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, तेव्हा माझा सूर असा होता की नऊच्या पाढ्याने वाचवलं, तर नवस धरायचा की नाही?

“नऊचा पाढा तुला आठवून कोणी दिला?” आईने विचारलं.

“हेडक्लार्कनी.”

“आणि हेडक्लार्क कोणी आठवून दिले?”

या पद्धतीने मागे मागे जात राहिलं की कुठे पोहोचतो, हे ठाऊक असल्यामुळे मी गप्प बसलो. आईने कालनिर्णय काढलं. त्यावर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या असतात, त्यांच्यामधून तिने संकष्टी शोधली आणि पेनाने गोल केला. नेमका ऑडिटर येण्याचा दिवस. बायको एवढंच म्हणाली, “नवस तुझा, ओटा माझा. जसा आहे तसा परत पाहिजे.”

उपवासाबद्दल माझा एक गैरसमज होता, की त्यात उपाशी राहावं लागतं. लहानपणापासून घरात ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ऐकूनही तो का टिकला कोण जाणे. सकाळी आठ वाजता बायकोने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा हातात दिला, तो नेहमीच्या डब्यापेक्षा जड होता. बसमध्ये मांडीवर तो डबा घेऊन मी विचार करत होतो. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. वर रताळ्याचा कीस खाल्ला तर तेही तिकडचंच. म्हणजे १४९२ साली कोलंबस वाट चुकला नसता, तर आज माझ्या डब्यात नुसते वऱ्याचे तांदूळ आणि दही असतं. धर्म बुडाल्याची तक्रार करणाऱ्यांनी खिचडीच्या बाबतीत कधी आवाज काढलेला मी ऐकला नाही. बरोबरच आहे, खिचडी चांगली लागते.

पण ती अकरालाच संपली. आणि बाराला ऑडिटर आले.

ऑडिटर म्हणजे साधारण सव्वीस वर्षांचा एक अत्यंत सभ्य मुलगा. तो प्रत्येक व्हाउचर मागताना ‘प्लीज’ म्हणायचा, त्यामुळे रागावताही येत नव्हतं. त्याच्यासाठी कंपनीने गरम सामोसे मागवले होते. तो सामोसा खात खात विचारायचा, “सर, ही क्रेडिट नोट?” आणि मी क्रेडिट नोटऐवजी सामोशाच्या कोपऱ्याकडे बघत उत्तर द्यायचो. त्यात आमच्या विभागात एकीचा वाढदिवस निघाला. केक आला. मी ‘उपवास आहे’ म्हटल्यावर चार जणांनी चार प्रकारे विचारलं, “तुम्ही? उपवास?” यात चौकशी कमी आणि संशय जास्त होता. एकाने तर हळूच विचारलं, “सर, शुगर निघाली का?”

साडेपाचला मी सरांकडे गेलो.

“सर, आज जरा लवकर निघतो.”

“ऑडिटर बसलाय.”

“सर, चंद्रोदयाच्या आत एकवीस मोदक करायचेत.”

बावीस वर्षांत मी लवकर जाण्याची बरीच कारणं दिली आहेत. आजारी नातेवाईक, गळणारा नळ, पोरीची शाळा. त्या सगळ्यांवर त्यांनी प्रश्न विचारले होते. यावर एकही विचारला नाही. दोन मिनिटं थांबून म्हणाले, “आमच्याकडे आई करायची.” आणि मान हलवली. जाताना मी मॉनिटरवरच्या गणपतीला बोटाने जरा मागे ढकलून सरळ केलं.

आईच्या गुडघ्यांमुळे ती हल्ली ओट्याशी उभी राहत नाही. दाराशी खुर्ची टाकून ती बसली, आणि मला कळलं की मी एका ऑडिटमधून निघून दुसऱ्यात आलोय.

“एक वाटी पिठाला एक वाटी पाणी.”

“वाटी म्हणजे किती मिली?”

“वाटी म्हणजे वाटी.”

“कुठली?”

“तीच.”

सारण जमलं. दोन वाट्या खोवलेला नारळ, एक वाटी गूळ, वेलची, जायफळ. मंद आचेवर परतताना गूळ विरघळला आणि घरभर असा वास सुटला की मी कढईत तोंड घालायचा बाकी होतो. चमचा उचललाही. दारातून आवाज आला, “नैवेद्य आहे.”

मग उकड. पाण्याला उकळी आली, तूप घातलं. “मीठ किती?”

“चवीपुरतं.”

“चव तर घ्यायची नाही.”

“नाहीच घ्यायची.”

मी चमचा हातात धरून उभा. एकही व्हाउचर न बघता सही करायला सांगावं, तसं हे. आईने आयुष्यभर चव न घेता चवीपुरतं मीठ घातलं आणि ते कधी चुकलं नाही, ही गोष्ट पन्नाशीकडे झुकल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. मी अंदाजाने चिमूट टाकली. तिने लांबूनच बघून सांगितलं, “अजून अर्धी.” ती माझी चिमूट मोजत होती, तीही जाड चष्म्यातून.

पीठ टाकलं, लाटण्याने ढवळलं, झाकण ठेवून वाफ काढली. उकड परातीत काढली, तेव्हा ती बाहेरून निरुपद्रवी दिसत होती. पण उकडीला आत एक पोट असतं आणि तिथे ती सगळी उष्णता साठवून बसते. “गरम असतानाच मळायची,” आई म्हणाली. मी बोट घातलं आणि असा ओरडलो की पोरगी अभ्यास सोडून धावत आली. ती आनंदाने. “आधी वाटीच्या बुडाने रगड, मग तेल-पाण्याचा हात लाव,” आई म्हणाली. हे तिने बोट घालण्याआधी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आणि मग ते मुख्य काम, पारी आणि मुखऱ्या. आई तळहातावर गोळा घेते, दोन अंगठ्यांनी फिरवत फिरवत त्याची वाटी होते, कडेला चिमटे बसत जातात, आणि बघता बघता मूठ मिटावी तसा मोदक मिटतो. मी ते शेकडो वेळा पाहिलंय. पाहण्याचा काही उपयोग होत नाही. माझी पारी एका बाजूला पापड आणि दुसऱ्या बाजूला पुरी. पहिला मोदक कांद्यासारखा झाला. दुसरा लसणासारखा. तिसऱ्याला नाकच नव्हतं. चौथ्याला दोन होती. पोरगी फोटो काढत होती आणि मावशीला नागपूरला पाठवत होती. तिकडून उत्तर आलं, “आमच्याकडे चंद्र येईल आता.” नागपूर पूर्वेला, त्यामुळे तिथे चंद्र आमच्याआधी पंधरा-वीस मिनिटं उगवतो. बायकोची बहीण या गोष्टीची गेली अनेक वर्षं मिजास करते.

सतरा मोदकांवर उकड संपली.

मी सुचवलं की सतरा मोठे आहेत, वजनाने एकवीस सहज भरतील. आईने उत्तरच दिलं नाही. तिच्या हिशोबात राउंड ऑफ नसतं. दुधाच्या बिलात अर्ध्या लिटरच्या खाड्यावरून तिने एका दूधवाल्याशी तीन महिने अबोला धरला होता. पुन्हा पाणी, पुन्हा पीठ, पुन्हा चिमूट. या वेळी ‘अजून अर्धी’ आलं नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

हळदीची पानं एप्रिलमध्ये मिळाली नाहीत, ती पावसाळ्यातली गोष्ट. चाळणीत केळीचं पान घातलं, प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून ठेवला आणि झाकण लावलं. तुरटी फिरवल्यासारखं सगळं घर शांत झालं. बारा मिनिटांनी झाकण काढलं, तर दोघातिघांनी अंग टाकलं होतं आणि गुळाचा पाक पानावर पसरला होता.

“फुटलेले धरायचे का?” मी विचारलं.

“धरायचे. ते काय परत पाठवतायत?” आई म्हणाली.

चंद्रोदय दहाच्या सुमाराला होता. पण तो कॅलेंडरचा. आमच्या इमारतीच्या पूर्वेला एक बावीस मजली टॉवर उभा राहिलाय, त्यामुळे आमचा चंद्र बिल्डरच्या परवानगीने उगवतो. पोरगी गच्चीवर पहाऱ्याला. दर पाच मिनिटांनी तिचा मेसेज, “नाही.” मी पाटावर मांडलेल्या एकवीस मोदकांसमोर बसलो होतो. कांदा, लसूण, बिननाकाचा, फुटलेला, सगळे तुपाने चकाकत होते. कॅलेंडरप्रमाणे दहा वाजून गेलेत, ढगाळ असलं की लोक वेळेवरच सोडतात, असा मुद्दा मी मांडून पाहिला. आई म्हणाली, “ढग आहेत का?” नव्हते.

दरम्यान तिने बायकोकडून उरलेली उकड मागवली. बसल्या बसल्या त्यात जिरं, वाटलेली हिरवी मिरची, कोथिंबीर मिसळली, चपट्या वड्या थापल्या आणि त्याच चाळणीत वाफवायला दिल्या. निवगऱ्या. सगळं मिळून सात-आठ मिनिटं.

अकराला पाच कमी असताना गच्चीवरून फोन आला, “बाबा, टॉवरच्या टाकीशेजारी आहे!” अर्घ्य, आरती, नैवेद्य. माझी आरती आयुष्यात इतक्या वेगाने कधी झाली नसेल. ताटं वाढली. मोदक फोडून त्यावर तूप घातलं. पहिला घास घेतला आणि मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघायला लागलो.

“छान आहेत,” पोरगी म्हणाली, आणि दुसरी निवगरी घेतली.

“खरंच छान,” बायको म्हणाली, आणि तेलात बुडवून तिसरी.

पंधरा मिनिटांत निवगऱ्यांचं भांडं रिकामं. मोदक उरले सोळा.

आईने मात्र लसणासारखा निवडून घेतला होता. सावकाश, सगळा खाल्ला. मग म्हणाली, “मीठ बरोबर पडलंय. पुढच्या वेळी पाणी जरा जास्त उकळू दे.”

“पुढच्या वेळी?”

तेवढ्यात फोन वाजला. सरांचा मेसेज. ऑडिटरने जाता जाता एक सप्लायरचं खातं उघडलं होतं, फरक येतोय, सकाळी बघा. फरक १,७५०.

मी उष्ट्या हाताने ताटाच्या कडेवर भागाकार करून पाहिला. एकशे चौऱ्याण्णव, आणि खाली चार उरले. पुन्हा केला. पुन्हा चार. नऊने भाग जात नव्हता.

बायको चाळण आणि मोदकपात्र घासून पुसत होती. स्टूल ओढून वर चढायला लागली, तसा मी म्हणालो, “ते माळ्यावर नको टाकूस. हाताशीच राहू दे.”