ठराव एकमताने मंजूर

शिखरावर जायचं तर एकट्यानेच जावं. चारचौघांबरोबर गेलात की कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला ढग दिसतात, आणि एखादा शहाणा सारखा घड्याळाकडे बघत 'आता फिरू या' म्हणतो. एकट्याच्या सभेला अध्यक्षही तुम्ही, सूचकही तुम्ही आणि अनुमोदकही तुम्हीच. विरोधी पक्ष नाही. प्रत्येक ठराव एकमताने मंजूर.

घरी फार बोलू नका. 'डोंगरावर जातोय, संध्याकाळी येतो' एवढं पुरे. कोणत्या सोंडेने चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे लिहून ठेवलंत तर लोक तुम्हाला नेमक्या जागी शोधायला येतील. ॲरन राल्स्टन २००३ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका अरुंद घळीत कुणालाही न सांगता एकटाच गेला होता. शिळा निसटली आणि उजवा हात ती आणि घळीची भिंत यांच्यामध्ये अडकला. १२७ तासांनी बोथट पात्याने स्वतःचा हात कापून तो सुटला. बघा, न सांगता गेलं तरी माणूस सुटतो. शिवाय हात दोन असतात.

वेळेचा हिशेब? १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो करून ठेवलाय: चालीला तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा आडाखा बऱ्या वाटेसाठी आहे. हातपाय लावून कातळ चढायचा असेल तर तो सपशेल कोसळतो. तुम्ही तो आणखी निम्मा करा, कारण तुम्ही रोज जिने चढता. उतरण्यासाठी वेळ धरू नका. उताराला कसला वेळ लागतो?

आता खरी मजा, म्हणजे रॉक पॅच, हातपाय लावून चढायचा कातळाचा टप्पा. दोन हात आणि दोन पाय, यांतले तीन कातळावर घट्ट ठेवून एका वेळी एकच हलवायचा, असा नियम आहे. पण मग मोबाइल कोणत्या हातात धरणार? त्यामुळे नियम दोनांवर आणा. होल्डवर, म्हणजे पकडीच्या खाचेवर किंवा कंगोऱ्यावर, भार टाकण्याआधी तळहाताने थोपटून बघतात, पोकळ आवाज आला तर त्याला हात लावत नाहीत. तुम्हाला एवढी संशयी वृत्ती शोभत नाही. बोटांची पेरं खाचेत जेमतेम शिरलीत, खाचेतली खडी नखांत टोचतेय, बुटाचं टोक अंगठ्याएवढ्या कंगोऱ्यावर टेकलंय, कंगोऱ्यावर ओलसर काळं शेवाळ आहे आणि पोटरी आपोआप थरथरायला लागलीय. हीच ती वेळ. सेल्फी काढा.

चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पोटाआड जाते आणि पाय आंधळ्यासारखे चाचपत राहतात. म्हणून जो टप्पा उतरता येणार नाही तो चढूच नये, असा जुन्याजाणत्यांचा दंडक आहे. तुम्ही उलट करा. उतरता येणार नाही असा एक टप्पा सकाळीच चढून टाका. परत फिरावं की नाही ही कटकटच संपते.

कुणी हटकलंच तर ॲलेक्स हॉनल्ड या अमेरिकन गिर्यारोहकाचं नाव फेका. ३ जून २०१७ रोजी त्याने कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या कातळाची सुमारे ९०० मीटरची भिंत दोराशिवाय, एकट्याने सर केली. त्याआधी दोर लावून त्याने तीच वाट पुन्हा पुन्हा घोकली होती, ही माहिती सांगू नका. प्रभाव कमी होतो.

माथा आला असं वाटेल तेव्हा तो आलेला नसतो. मागे आणखी एक उंचवटा असतो, त्याच्या मागे आणखी एक. दोन वाजता जिथे असाल तिथून फिरायचं असं ठरलं असेल, तर दोन वाजता तातडीची बैठक बोलवा आणि दोनच्या जागी चार अशी दुरुस्ती मांडा. कोरम पूर्ण आहेच. जाड कपडे नेऊ नका. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो खरा, पण घामाने भिजलेला सुती टी-शर्ट अंगात आहे की! वाऱ्यात तो कसा गार पडतो ते तुम्हाला कळेलच.

उतरताना मळलेली वाट सोडून घळीत शिरा. घसाऱ्यावरून अर्धं अंतर बसूनच पार पडतं. पाणी इथूनच खाली जातं, मग तुम्हाला काय धाड भरलीय? पुढे कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी उभे राहाल तेव्हा ध्यानात येईल की पाण्याला हाडं नसतात.

एव्हाना अंधार पडेल. टॉर्च घरी, आणि फोटो काढून आणि थंडीने फोनची बॅटरी संपलेली. संकटात मिनिटाला सहा शिट्ट्या मारतात, मिनिटभर थांबतात, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. शिट्टी नसली तरी हरकत नाही, घसा आहे. तासाभरात तोही बसेल.

पहाटे कधीतरी दोर आणि स्ट्रेचर घेऊन दहा-पंधरा माणसं धापा टाकत येतील. आधी उशीर का झाला ते विचारा. त्यातल्या एखाद्याने 'एकटेच आला होतात?' असं विचारलं, तर मान ताठ ठेवून हो म्हणा. मानेला कॉलर बांधला असेल, त्यामुळे ती तशीही ताठच राहील.