“गोल्फ पुस्तकातून येत नाही” म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार ग्रुपवर आलाय आणि काल आपल्या जळगाव-धुळ्याच्या गोल्फवाल्यांच्या ग्रुपवर पण आला, म्हणून म्हटलं आता नीट बसून लिहूच. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेसेज म्हणतो की गोल्फ पुस्तकातून येत नाही, मोठे खेळाडू पुस्तकं न वाचताच मोठे झाले. यूट्यूबवर सगळं फुकट आहे. तरी घ्यायचंच असेल तर सगळ्यात मोठ्या चॅम्पियनचं घ्या, जुनं घेऊ नका, नवीनच घ्या, आणि एकावर थांबू नका, चार-पाच घ्या म्हणजे त्यातलं काहीतरी लागू पडेल. यातला एकेक मुद्दा मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. बियाणं-औषधांचं दुकान आहे जळगावला. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा गोल्फ लागलं, घरी परत आलो तर बॅग सोबत आली, कोर्स (गोल्फचं मैदान) तिकडेच राहिला. आता वर्षातून पाच-सहा वेळा पुण्या-मुंबईकडे जाणं होतं तेव्हाच काय तो खरा राउंड. बाकी दिवस आसोदा रोडला आप्पांच्या वावरात, कपाशी निघून पऱ्हाट्या उपटल्या की एक पट्टा मोकळा होतो तिथे, नाहीतर गच्चीवर जाळी बांधलीये तिथे. कोच नाही, चूक झाली तर “अरे थांब” म्हणणारं कोणी नाही, आप्पा बांधावरून “का रे भो, कितीक माती उकरतो” एवढंच विचारतात. म्हणजे माझ्यासाठी पुस्तक हेच कोच आहे, आणि ते चुकीचं निवडलं की काय होतं ते मी दोन वर्षं भोगलंय.

आता पहिला मुद्दा, मोठे खेळाडू वाचून झाले नाहीत. मेसेजमध्ये अली शेरचं उदाहरण दिलंय. माणूस मोठाच, वाद नाही. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केली आणि १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल ठरला, १९९३ ला परत जिंकला. पण कॅडी म्हणजे काय ते बघा ना. दिवसभर दुसऱ्याची बॅग खांद्यावर, प्रत्येक शॉट दहा फुटांवरून बघायचा, बॉल कुठे पडला ते शोधायचं, कोणत्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, किती गेला ते डोक्यात ठेवायचं, आणि हे वर्षानुवर्षं. त्याच्यासमोर रोज जे उलगडत होतं ते तुमच्या-माझ्यासमोर पारोळ्यात, चोपड्यात, नंदुरबारला बसून उलगडणार आहे का? ज्याला कोर्सवर राहायला मिळालं त्याला पुस्तकाची गरज कमी पडली, बरोबर आहे. आपल्याला ते मिळालेलं नाही म्हणूनच आपल्याला पुस्तक लागतं. तेच उदाहरण उलट्या बाजूने बघा, एवढंच म्हणणं आहे.

आपल्यातल्याच एका भाऊंनी खाली जोडलं होतं की बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या. हे वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो, कारण ज्या आसोद्याच्या रस्त्यावर मी बॉल मारतो ते त्यांचं माहेर. भाऊ, बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरंच. पण त्यांच्या ओव्या तुमच्या-माझ्यापर्यंत कशा आल्या? सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी त्या ऐकून लिहून ठेवल्या म्हणून. १९५१ ला त्या गेल्या, नंतर ती वही अत्र्यांनी बघितली आणि १९५२ ला पुस्तक निघालं. ती वही नसती तर जात्यावरचं जात्यावरच राहिलं असतं. गोल्फमध्ये अगदी असंच झालंय. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला हार्वी पेनिक नावाचे मास्तर होते, टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ यांना त्यांनी लहानपणापासून शिकवलं. कोणाला काय सांगितलं आणि त्याने काय फरक पडला ते एका लाल वहीत टिपून ठेवायचे, साठेक वर्षं, आणि मुलाशिवाय कोणाला दाखवायचे नाहीत. १९९२ ला ती वही छापली गेली तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. १९९५ च्या एप्रिलमध्ये ते वारले आणि त्याच आठवड्यात क्रेनशॉने मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, शेवटचा पट, म्हणजे भोकात बॉल ढकलायचा हलका फटका, मारून जागेवरच वाकून रडला. असा मास्तर मला जळगावात कुठून मिळणार? वहीतून मिळाला. छोटी छोटी प्रकरणं आहेत, कुठलंही पान उघडा, एका वेळी एकच गोष्ट सांगतात.

चॅम्पियनचं घ्या, हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकन चॅम्पियन बेन होगनचं १९५७ चं पाच धड्यांचं पुस्तक घ्या. चित्रं अँथनी रॅव्हिएलीची आहेत, हाताच्या शिरा-स्नायूंसकट, बोट कुठे दाबायचं ते चित्रात दिसतं, ग्रिपवर, म्हणजे क्लब हातात धरण्यावर, इतकं मन लावून लिहिलेलं मी दुसरं काही बघितलं नाही. पण होगनला स्वतःला आयुष्याच्या पूर्वार्धात कशाचा त्रास होता? हुकचा. बॉल डावीकडे वळून जायचा, त्यापायी त्याची उमेदीची वर्षं गेली. मग त्याने त्यावर जो उपाय शोधला, डावा हात जरा उघडा धरायचा, म्हणजे ज्याला वीक ग्रिप म्हणतात, तो क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारा सपाट भाग, लवकर बंद होऊ नये म्हणून. आता आपल्यासारखे नवशिके काय मारतात? स्लाइस. बॉल उजवीकडे पळतो कारण फेस उघडाच राहतो. त्याला अजून उघडं ठेवणारी ग्रिप दिली तर काय होणार?

माझं तेच झालं. ग्रिपची ती चित्रं आरशासमोर बसून तंतोतंत उतरवली, रोज रात्री टीव्हीसमोर क्लब हातात, आणि बॉल आप्पांच्या वावरातून शेजारच्या केळीत. दोन वर्षं मला वाटायचं की माझीच मेहनत कमी पडते. पुस्तक बरोबर होतं, औषध खरं होतं, पण चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाची होती. दुकानात रोज बघतो ना मी हे, शेजाऱ्याच्या कपाशीवर जे मारलं तेच द्या म्हणतात, अहो शेजाऱ्याकडे बोंडअळी आहे, तुमच्याकडे मावा आहे. म्हणून चॅम्पियनचं पुस्तक घ्यायच्या आधी एवढं बघा की लिहिणाऱ्याचा स्वतःचा आजार कोणता होता आणि तुमचा कोणता आहे. आजार जुळला तर होगनसारखं पुस्तक सोनं आहे. नाही जुळला तर ज्याने आयुष्यभर साध्या लोकांना शिकवलं अशा मास्तरचं पुस्तक घ्या, कारण त्याने स्लाइस मारणारी हजार माणसं बघितलेली असतात आणि चॅम्पियनने बहुतेक वेळा एकच बघितलेला असतो, स्वतः.

तुमचा आजार कोणता ते कळायला मशीन लागत नाही. क्लबफेसवर टाल्कम पावडर हलकी मारा, एक शॉट खेळा, बॉलचा गोल ठसा उमटतो. माझा ठसा सतत हीलकडे, म्हणजे दांडा जिथे बसतो त्या बाजूला यायचा. मग जमिनीवर फक्कीची एक सरळ रेघ ओढा, खो-खोच्या मैदानाला मारतो तीच फक्की, बॉल न ठेवता रेघेवर स्विंग करा आणि माती कुठून उडते ते बघा. रेघेच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला उडाली तर ठीक, मागे उडाली तर तुम्ही आधी जमिनीला मारताय. वीस वेळा करा, वहीत लिहा. एवढं केल्यावर दुकानात गेलात की कोणतं प्रकरण आधी उघडायचं ते आपोआप कळतं.

जुनं नको, नवीनच घ्या. यात अर्धं खरं आहे म्हणून नीट सांगतो. बऱ्याच जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि मग फेसच्या दिशेने वळतो. २००० नंतर रडारवाली मशीनं आली, त्यांनी मोजलं तर निघालं की बॉल सुरुवातीलाच मुख्यतः फेस जिकडे आहे तिकडे निघतो, साधारण ७५ ते ८५ टक्के वाटा फेसचा. म्हणजे बॉल का वळला याचं जुन्या पुस्तकातलं स्पष्टीकरण वाचताना सावध राहायचं. नियमांचं पुस्तक तर नवीनच पाहिजे, २०१९ ला नियम बरेच बदलले, हरवलेला बॉल शोधायला पाच मिनिटं होती ती तीन झाली, ड्रॉप, म्हणजे नव्या जागी बॉल हातातून सोडणं, खांद्याच्या उंचीवरून व्हायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून झाला, आणि २०२३ ला परत थोडे बदल झाले. पण ग्रिप, उभं राहणं, बॉल कुठे ठेवायचा, डोकं शांत कसं ठेवायचं, हे माणसाच्या हातापायांचं शास्त्र आहे, ते १९५७ ला जसं होतं तसंच आज आहे. तेव्हा पुस्तकातला कोणता भाग जुना झालाय ते बघा, अख्खं पुस्तक फेकू नका.

यूट्यूब फुकट आहे. आहे. मी पण बघतो, स्विंगचा वेग आणि लय व्हिडिओत जशी दिसते तशी कागदावर दिसत नाही, हे मान्य करतो. पण एक व्हिडिओ संपला की दुसरा येतो आणि तो पहिल्याच्या उलट सांगतो, आणि दोघं आपापल्या जागी बरोबर असतात कारण दोघं वेगवेगळ्या माणसाला सांगतायत. पुस्तकाला क्रम असतो, पहिल्या धड्याशिवाय दुसरा नाही. आणि खरं सांगू का, एप्रिलमध्ये आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत वावरात मोबाईल उघडून बघा, स्क्रीन दिसत नाही आणि दहा मिनिटांत फोन गरम होऊन बंद पडतो.

चार-पाच घ्या म्हणजे काहीतरी लागू पडेल याला मी एकाच वाक्यात उत्तर देतो, एका पंपात तीन औषधं मिसळली की पानं करपतात हे खान्देशातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. एक पुस्तक, एक सीझन, त्यातला एक धडा हातात बसेपर्यंत पुढचं पान नाही.

आता जे मेसेजमध्ये नाहीच आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. बहुतेक पुस्तकं अमेरिका-इंग्लंडची, तिथल्या गवतावरची. त्यात चिप, म्हणजे ग्रीनजवळचा (भोकाभोवतीचं बारीक गवत म्हणजे ग्रीन) छोटा फटका, कसा मारायचा तर वेजचा, म्हणजे जास्त तिरक्या फेसच्या क्लबचा, फेस उघडा आणि बॉलच्या खालून सरकवा. वेजच्या तळाला मागच्या बाजूला फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात, तो क्लबला मऊ गवतात आणि वाळूत घुसू देत नाही, म्हणून तिथे तो उपयोगी. पण उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कशी असते, काळी, तडकलेली, पायाला दगडासारखी. त्यावर तो बाउन्स आपटून उसळतो, क्लबची धार बॉलच्या पोटात लागते आणि बॉल जमिनीला घासत ग्रीनच्या पलीकडे. फेस जितका उघडाल तितका बाउन्स जास्त खाली येतो, म्हणजे अजून वाईट. अशा जागेवर आठ नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब) घेऊन बॉल थोडा मागे ठेवून घरंगळत नेणं कितीतरी सोपं. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर अनुक्रमणिकेत कडक, गवत नसलेल्या जमिनीवरच्या शॉटचं प्रकरण आहे का ते मी पहिलं शोधतो. नसेल तर शॉर्ट गेमसाठी, म्हणजे ग्रीनजवळच्या फटक्यांसाठी, ते पुस्तक आपल्याकडच्या माणसाला अपुरं आहे.

आणि शॉर्ट गेमचं जाडजूड पुस्तक घ्यायचं की लांबच्या शॉट्सचं, हे पण मेसेजवरून ठरवू नका. “पटिंगवरच सगळं असतं” हे वाक्य सगळीकडे फिरतं. कोलंबिया युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर मार्क ब्रोडी यांनी प्रोफेशनल टूरच्या लाखो शॉट्सचे आकडे तपासले, २०१४ ला पुस्तक काढलं, त्यात निघालं की चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूतला साधारण दोन-तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच्या शॉट्समधून येतो. पण हे सगळ्यांचं मिळून झालं, तुमचं काय ते तुमचं स्कोअरकार्ड सांगेल. तीन राउंडचं कार्ड घ्या, प्रत्येक होलला टी-शॉट, म्हणजे पहिला फटका, हरवला की खेळात राहिला, ग्रीनजवळून किती लागले, पट किती, तीन रकाने. माझ्या कार्डात पट ३४-३५ होते आणि टीवरून हरवलेले बॉल सहा. सहा! मी पटिंगचं पुस्तक मागवणार होतो.

शेवटची गोष्ट भाषेची. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, तेव्हा दुकानात उभं राहून ग्रिपचं एक पान वाचा आणि खिशातला पेन क्लबसारखा धरून बघा. पहिल्या वाचनात हातांना कळलं तर घ्या, डिक्शनरी लागली तर कितीही मोठ्या नावाचं असो, ठेवून द्या. डावखुरे असाल तर उजवं-डावं उलटं करत वाचणं जमतं का तेही तिथेच बघा.

मास्तरांच्या त्या लाल वहीची माझ्याकडे एक कॉपी आहे, कडेला पेन्सिलीने मराठीत टिपलेली, ज्याला पाहिजे त्याने न्यावी. रविवारी सकाळी सहाला आप्पांच्या वावरात आहे मी, फक्की आणि पावडर आणतो, तुम्ही फक्त एक सात नंबरचं आयर्न आणि तीन राउंडची कार्डं आणा.