बायकांचा पिक्चर

रविवारी संध्याकाळी टपरीसमोरच्या कट्ट्यावर आम्ही चौघं जमलो आणि विषय निघाला बापूच्या आईवरून. २०२३ च्या पावसाळ्यात 'बाईपण भारी देवा' लागला, तेव्हा काकू भिशीच्या अकरा जणींना घेऊन गेल्या होत्या. नऊवारी, नथ, डोळ्यांवर गॉगल. त्या दिवसाचा फोटो फ्रेम होऊन हॉलमध्ये लागलाय आणि बापूला तो अजून खुपतो.

"सहा बहिणी, मंगळागौर आणि रडारड," बापू म्हणाला. "बायकांचा पिक्चर."

सुप्रिया चहा फुंकत होती. "तू 'अ‍ॅनिमल'ला तीनदा गेलास. तो पुरुषांचा पिक्चर का?"

"तो पिक्चर आहे."

"झालं तर मग. बायकांनी डोक्यावर घेतला की बायकांचा आणि तुम्ही घेतला की नुसताच पिक्चर."

पक्याला जुनं उकरायची हौस. तो थेट १९७५ वर गेला. त्या वर्षी 'शोले' आला आणि 'जय संतोषी माँ'सुद्धा. दुसरा अगदी कमी पैशांत केलेला, पण चालला असा की बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायच्या. त्यानंतर घरोघरी संतोषीमातेचे शुक्रवार सुरू झाले, गूळ-चण्याचा नैवेद्य, आंबट बंद. 'शोले'च्या संवादांच्या तर तबकड्या निघाल्या आणि लोकांनी त्या पाठ केल्या.

"माझ्या काकाला तो अख्खा पाठ आहे. त्याला सगळे दर्दी म्हणतात," पक्या म्हणाला. "आजी शुक्रवार धरायची, ती मात्र भाबडी."

"अरे, देवाची गोष्ट वेगळी," बापू म्हणाला, पण त्यात दम नव्हता.

मग त्याने दादा कोंडक्यांना पुढे केलं. पांढरपेशांनी दादांनाही नाकं मुरडली होती, तेव्हा प्रश्न बाई-पुरुषाचा नाहीच, वर्गाचा आहे, असं त्याचं म्हणणं. मुद्दा बिनतोड होता, मलाही पटला. सुप्रियाने मान्य केलं आणि तिथेच धरलं. "नाकं मुरडली, पण अश्लील म्हणून. 'पुरुषांचा पिक्चर' म्हणून दादांना कोणी निकालात काढलं का? उलट रांगडा विनोद, लोकनाट्याची परंपरा, असे लेख आले. आणि त्यांच्याच पुतण्याने, विजय कोंडक्यांनी, १९९१ ला 'माहेरची साडी' काढला. त्यावर अजून एकच शेरा: रडका. हसवणं ही कला आणि रडवणं म्हणजे काय, कांदा चिरणं?"

मी गप्प होतो, कारण 'अलका कुबलसारखी रडू नकोस' हे मी बहिणीला शंभरदा तरी ऐकवलंय.

शिवाय सुप्रियाची गोची दुहेरी आहे. तिला मारधाड आवडते. ऑफिसात तिने 'अ‍ॅनिमल'मधल्या मारामारीच्या चित्रीकरणाबद्दल दोन वाक्यं बोलली, तर शेजारच्याने विचारलं, "मिस्टरांबरोबर गेला होतात का?" दुसऱ्याने तर तोंडी परीक्षाच घेतली, या दिग्दर्शकाचा आधीचा पिक्चर कुठला म्हणून. तिने सांगितला. त्यालाच माहीत नव्हता. (बापूची अशी परीक्षा आजवर कोणी घेतलेली नाही. घेतली तर मजा येईल.)

"तेही जाऊ दे," ती म्हणाली. "बापू, 'बाईपण' तू पाहिलायस का?"

"गेलो होतो ना."

"आत?"

बापूने कप खाली ठेवला. "आईला सोडायला गेलो होतो. तिने माझंही तिकीट काढलेलं. मी पार्किंगमध्ये थांबलो."

"अख्खा पिक्चर?"

"पाऊस होता गं," बापू म्हणाला आणि आणखी दोन कटिंग सांगायला उठला.