राणीमाशीचं खाणं आणि आबांची गोळी

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री नऊनंतर आमची बैठक असते. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस. परवा दिन्यानं पिशवीतून एक डबी काढून पैलवानाच्या हातात दिली आणि पुढचा तास-दीड तास कुणाचं दुधाकडं लक्ष राहिलं नाही. डबीवर मुकुट घातलेली सोनेरी माशी. रॉयल जेलीच्या कॅप्सूल, ६० नग, अठराशे रुपये.

"आबांसाठी घेतलीया. एक चालू हाय, ही दुसरी," दिन्या म्हणाला. "राणीमाशी जन्मभर हेच खाती. दोन-चार वर्सं जगती. कामकरी माशी हंगामात दीड म्हैन्यात खलास. अंडं दोघींचं सारखंच. फरक निस्ता खाण्याचा."

हे त्याला विकणाऱ्यानं पढवलं होतं. पण यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि म्हणूनच वाद लांबला. डबीवाला निव्वळ थापा मारत असता, तर पैलवानानंच दोन मिनिटांत विषय संपवला असता.

मास्तरांनी आयुष्यभर नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तरुण दाई-माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून हा पांढरट रस येतो. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना मिळतो. मग कामकरी व्हायच्या त्यांना मध आणि पराग, राणी व्हायची तिला हाच रस. पण दिनू, हे सगळं अळीच्या अंगात घडतं. राणीचं शरीर घडतं ते तेव्हा. आबांचं वय किती?"

"एकाहत्तर."

"त्या रसात साठ-सत्तर टक्के पाणीच असतं. बाकी प्रथिनं, साखर, थोडी चरबी. आबांच्या पोटात गेल्यावर ती प्रथिनं डाळीतल्यासारखी पचून जाणार."

पैलवान हसला. "ह्या म्हशीला सरकी पेंड घातली की दूध वाढतंय. म्हणून तू सरकी पेंड खातुयास व्हय?"

दिन्या चिडला. "मग लोक काय येडे हैत? आन तू काय चमचा-चमचा खातूयास रोज सकाळी?"

पैलवानाचं हसू गेलं. तो दोन महिन्यांपासून परागकण खातोय, हे आम्हाला तेव्हा कळलं. पिवळ्या-नारिंगी दाण्यांची बरणी, ताकदीसाठी.

इथं तात्या बोलले. तात्या मूळचे भुदरगडातले, पाटगावच्या बाजूचे. सरकारनं 'मधाचं गाव' म्हणून ज्याला पुढं आणलं तेच पाटगाव. आग्या, सातेरी, फुलोरी या सगळ्या जातींच्या मधमाश्या लहानपणापासून पाहिलेला माणूस. "पेटीच्या तोंडाला जाळी लावत्यात," ते म्हणाले. "माशी आत शिरताना पायावरचं पराग घासून खाली पडतंय. ते तिनं पोरांसाठी आणल्यालं असतंय. कुठल्या झाडाचं, ते डोंगर आन म्हैना बघून. दोन बरण्या सारख्या निघायच्या न्हाईत."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. औषधाच्या गोळीत काय आहे आणि किती आहे, हे मोजता येतं. परागाच्या बरणीत या महिन्यात एका झाडाचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं. त्यात प्रथिनं सरासरी वीसेक टक्के, म्हणजे दहा ग्रॅम दाणे खाल्ले तर दोनेक ग्रॅम. एका अंड्यात सहा. पैलवानाला मी हा हिशेब सांगितला तेव्हा तो गप्प बसला, कारण त्या बरणीच्या पैशात त्याची महिन्याची अंडी निघाली असती. खेळाडूंना पराग देऊन बघायचे प्रयोग पूर्वी झालेत, पोहणाऱ्यांवरसुद्धा. कामगिरीत फरक पडला नाही.

"आन बारीक व्हायची पराग-कॅप्सूल मिळती की," दिन्या म्हणाला. "माझ्या मेव्हणीनं सहा किलो उतरवलं."

आतापर्यंत औषधवाला ऐकत होता. त्याचं मेडिकल स्टोअर आहे, पण हा माल तो ठेवत नाही. "उतरलं असंल," तो म्हणाला. "२०१४ साली अमेरिकेच्या एफडीएनं, म्हंजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, लोकांना सावध केलं होतं. वजन उतरवायच्या तसल्या पराग-कॅप्सूलांत सिब्यूट्रामिन निघालं, भूक मारायचं औषध. हृदयाला धोका म्हणून ते औषध तिथं २०१० ला बाजारातनं काढलं, आपल्याकडं २०११ ला बंदी आली. आन दुसरं निघालं फिनॉल्फ्थॅलीन."

मास्तर ताठ बसले. "फिनॉल्फ्थॅलीन? टायट्रेशनच्या प्रयोगात दोन थेंब टाकतो ते? अल्कली असलं की गुलाबी होतं ते?"

"तेच. पूर्वी जुलाबाला देत होते. कॅन्सरच्या भीतीनं बंद केलं."

त्या कॅप्सूलांच्या डब्यांवर लिहिलेलं नव्हतंच ते. प्रत्येक डबीत असं असतं असं कुणी म्हणत नाही. पण 'नैसर्गिक' या शब्दामागं कुणी काहीही लपवलं तरी घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही, आणि मला त्याचीच चीड आहे.

प्रोपोलिसवर फार वेळ गेला नाही. झाडाच्या राळेपासून माश्या करतात तो चिकट लेप. तोंड आल्यावर, दातांच्या दुखण्यात त्याचा थोडाफार उपयोग दिसलाय, पण काहींच्या कातडीवर त्यानं पुरळ उठतं. तात्यांनी मात्र एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती: आपली सातेरी ही राळ गोळाच करत नाही. म्हणजे सह्याद्रीच्या सातेरी मोहोळातलं प्रोपोलिस म्हणून कुणी काही खपवत असेल, तर त्याला आधी तात्यांसमोर उभं करावं.

मधाचा मुद्दा निघालाच. तात्यांचा मधावर जीव. खोकल्याला रात्री चमचाभर मध द्यावा, हे ते म्हणाले ते बरोबर आहे, वर्षावरच्या मुलांत त्याचा आराम चाचण्यांतही दिसलाय. पण मग म्हणाले, नातवाला बाराव्या दिवशी सोन्याच्या अंगठीनं मध चाटवला. मी हात जोडले. तात्या, वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, तान्ह्या आतड्यात ती रुजतात आणि बाळ लुळं पडतं. मध कितीही शुद्ध असला तरी. तात्यांना ते आवडलं नाही. आमच्या घरात चार पिढ्या चाटवलाय, म्हणाले. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांचा नातू सात महिन्यांचा आहे आणि त्यांच्या रागापेक्षा मला तो महत्त्वाचा.

मला हे इतकं लागतं याचं कारण माझं स्वतःचं आहे. मला दमा आहे. सहा वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात स्टॉलवाल्यानं चव बघा म्हणून हातावर पराग ठेवले. चिमूटभर. गाडीपर्यंत जाईतो घसा खाजायला लागला, मग ओठ सुजले, मग श्वास लागला. मित्रानं उचलून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन झालं, रात्रभर नेब्युलायझर. स्टॉलवर दम्याबद्दल एक ओळ नव्हती. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात रॉयल जेली घेतल्यावर दम्यानं अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आज तिथं रॉयल जेलीच्या डबीवर तीव्र ॲलर्जी आणि क्वचित मृत्यूचा इशारा छापणं सक्तीचं आहे. आमच्या हातातल्या डबीवर मुकुट होता.

औषधवाल्यानं तोवर मोबाइलच्या उजेडात डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली. इंग्रजीत छापलं होतं: औषधी वापरासाठी नाही. "कायद्यानं छापावं लागतंय हे," तो म्हणाला. "पुढं मुकुट, मागं हे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०११ ला रॉयल जेलीचे दावे तपासले. एकाही फायद्याला पुरेसा पुरावा मिळाला न्हाई."

"पण तोटा तरी काय?" दिन्या म्हणाला. "फायदा झाला तर झाला. आबांना दमा न्हाई."

औषधवाल्यानं डबी खाली ठेवली. "दिन्या, आबांचा वॉल्व्ह बदललाय न्हवं?"

"व्हय. तीन वर्सं झाली."

"वॉरफेरिन चालू हाय?"

"रोज रातच्याला एक."

"शेवटचं आयएनआर कवा काढलंस?"

दिन्या आठवायला लागला. दिवाळीच्या आधी कधीतरी. मग पहिली डबी आली, आबांना तरतरी वाटायला लागली, तपासणी राहून गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वॉरफेरिन रक्त पातळ ठेवतं, म्हणजे नकली झडपेवर गुठळी धरत नाही. आयएनआर हा त्याचा आकडा. झडपवाल्यांचा, झडप कुठली त्यावर, साधारण दोन ते तीन किंवा अडीच ते साडेतीनमध्ये राहावा लागतो. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. २००६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका वृद्धाची हकीकत छापली. वॉरफेरिनवर नीट चाललेला माणूस. रॉयल जेली सुरू केली आणि लघवीतून रक्त यायला लागलं, आयएनआर ७ च्या आसपास. पराग घेणाऱ्याचंही तसंच एक प्रकरण पुढं आलं. दोन-चार प्रकरणांवरून सगळ्यांना असंच होईल असं म्हणता येणार नाही, हे मास्तरांनी बजावून सांगितलं. पण आबांच्या बाबतीत ते बघायला मोजण्याशिवाय दुसरा रस्ता नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

"वॉरफेरिन बंद करू नकोस," औषधवाला दोनदा म्हणाला. "ती गोळी चालूच ठेव. ही बंद. उद्या सकाळी रक्त दे, आन डॉक्टरला डबी दाखीव."

दिन्यानं तिथंच घरी फोन लावला. आईनं उचलला. त्यानं आधी जेवण झालं का विचारलं, मग हळूच विचारलं, आबांच्या हिरड्यांतनं रक्त येतंय का गं दात घासताना?

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "येतंय की आठ-धा दिस झालं. ब्रश बदल म्हणलं मी त्यांस्नी."

सकाळपर्यंत कुणी थांबायला तयार नव्हतं. पैलवानानं गाडी काढली.