स्पेनमध्ये खायला काही मिळत नाही म्हणे!

सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ येऊन पडला. सेव्हिल शहरातलं एक भारतीय रेस्टॉरंट, चाळीसेक मराठी मंडळी, ताटात पनीर, जिरा राईस, गुलाबजाम. मागून कुणीतरी 'गणपती बाप्पा'ची आरोळी ठोकतंय. खाली मजकूर: 'स्पेनमध्ये खायला काही मिळत नाही, पण टूरवाल्यांनी घरची आठवण येऊ दिली नाही!' त्यावर अंगठ्यांचा पाऊस. चहा गार झाला माझा.

खायला काही मिळत नाही? सेव्हिलमध्ये? अहो, त्या गावात दर दहा पावलांवर माणसं उभ्या उभ्या काहीतरी खात असतात!

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी आणि सासूबाई अशाच एका टूरने गेलो होतो. सासूबाई ७४ वर्षांच्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या. बॅगेत मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी. विमानतळावरून बस सुटली आणि टूर मॅनेजरांनी माइक हातात घेऊन पहिली सूचना दिली, "बाहेर काही खाऊ नका, इथे सगळ्यात बीफ असतं." संपलं. चाळीस माणसं घाबरली ती घरी परत येईपर्यंत. सेव्हिल हे डुकराच्या मांसाचं गाव आहे हो, बारच्या छताला त्याच्या तंगड्या लटकत असतात. खोटं बोलायचं तर निदान प्राणी तरी बरोबर घ्यावा!

तर सेव्हिल. कॅथेड्रलला चाळीस मिनिटं. त्यात कोलंबसाची शवपेटी खांद्यावर घेतलेले चार पुतळे बघायचे, फोटो काढायचे आणि हिराल्डा मनोरा चढायचा. हा मनोरा मूळचा मशिदीचा, बाराव्या शतकातला. आत जिन्यांऐवजी ३५ चढणी आहेत, पायऱ्या फक्त शेवटी थोड्या. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसं बांधलं, असं सांगतात. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई त्या चढणींवरून माझ्या पुढे वर पोचल्या. बाकीची मंडळी खाली मॅग्नेट घेत होती, कारण 'जिने असतील' असं बसमध्ये सांगितलं होतं.

खाली आवारात नारिंगांची झाडं. गावभर रस्त्याच्या कडेला तीच. स्थानिक गाइडबाई म्हणाली, "नारांखा." सासूबाई म्हणाल्या, "अगं, नारिंग म्हणतेय ती!" खरंच तोच शब्द. आपल्याकडचा नारंग इराणी, अरबी लोकांच्या तोंडून फिरत फिरत तिथे पोचलाय. सासूबाईंनी पडलेलं एक फळ पुसून चाखलं आणि तोंड असं काही केलं, की गाइडबाईला हसू आवरेना. कडूजहर असतात ती. इंग्रज लोक त्यांचा मुरांबा करतात.

मग १९२९च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लाझा दे एस्पान्या, तिथे ग्रुप फोटो. आणि पावणेसातला जेवण. पावणेसातला! स्पेनमध्ये त्या वेळी लोकांचं चारचं खाणंसुद्धा उरकलेलं नसतं. १९४० साली त्यांनी घड्याळं तासभर पुढे केली ती परत मागे घेतलीच नाहीत, त्यामुळे सूर्यही तिथे उशिरा मावळतो आणि माणसंही उशिरा जेवतात. नऊ वाजता कुठे ते गाव घराबाहेर पडतं. आणि आपण आठ वाजता हायवेवरच्या हॉटेलात गाउन घालून 'उद्याचा वेकअप कॉल किती वाजता?'

मान्य आहे, मधुमेहवाल्यांना वेळेवर जेवण लागतं. आणि शाकाहारी माणसाला तिथे जरा विचारून खावं लागतं हेही खरं, भाजीवरही हॅमचे तुकडे भुरभुरतात ते लोक. ठीक आहे. विचारावं की मग! तोंड कशाला दिलंय देवाने?

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पनीरचं ताट बाजूला सारलं. लागोपाठ पाचवा दिवस होता त्या गोडुस ग्रेव्हीचा. हॉटेलवर आल्यावर म्हणाल्या, "मेतकूट-भात तरी कुठे मिळणार आता? चल, बाहेर काय आहे बघू." टॅक्सी केली आणि नदीपलीकडे त्रियानाला गेलो. ही कुंभारांची जुनी वस्ती, दुकानांवर, भिंतींवर रंगीत टाइल्स. साडेआठला बार रिकामा होता. फोनवर भाषांतर करून 'मांस नाही, मासे नाहीत' असं दाखवलं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने वाचलं, मान डोलावली आणि मातीच्या छोट्या वाडग्यात पालक आणि काबुली चणे आणून ठेवले. एस्पिनाकास कोन गार्बान्सोस.

सासूबाईंनी आधी वास घेतला. म्हणाल्या, "जिरं." मग पावाच्या तुकड्याने थोडं उचललं. "लसूण तेलात तळलाय. आणि पाव तळून वाटून घातलाय दाटपणाला. आपण नाही का दाण्याचं कूट घालत?" आणखी एक घास. "आंबट कशानं आलंय? चिंच नाही ही." व्हिनेगर होतं. मी म्हाताऱ्याला फोनवर विचारलं, "ब्रेड तळून वाटलाय का?" त्याने सासूबाईंकडे बघितलं आणि न विचारता दुसरा वाडगा आणून ठेवला. नऊला गर्दी झाली, एक आजोबा नातीला कडेवर घेऊन आमच्या शेजारी उभे राहिले. बिल खडूने लाकडी गल्ल्यावरच लिहिलेलं होतं. पैसे दिल्यावर ओल्या फडक्याने पुसलं. सासूबाईंना त्याचंच फार अप्रूप.

एवढं लिहिल्यावर राग थोडा उतरलाय. त्या व्हिडिओतल्या मावश्यांना मी ओळखते. आयुष्यभर काटकसर करून गेल्यात, पहिल्यांदाच देशाबाहेर, पोट बिघडलं तर सांगायचं कुणाला ही धास्ती. मीही पहिल्या दिवशी बसमध्ये गप्पच बसले होते, माझ्याही पर्समध्ये खाकरे होते. त्यांना हसायचा मला काय अधिकार?

पण माइकवाल्यांना हसायचा आहे! तुम्ही त्या भीतीचे पैसे घेता. चाळीस माणसं एका जागी, एका वेळी, ठरलेल्या दरात जेवली की तुमचं काम सोपं. सरळ सांगा ना तसं! वर 'घरची आठवण येऊ दिली नाही' हे कशाला? घरची आठवण यावी म्हणून कोण जातं एवढ्या लांब?

सासूबाई आता डोंबिवलीत दर पंधरवड्याला ती भाजी करतात. शिळा पाव तळून, खलबत्त्यात लसूण-जिऱ्याबरोबर कुटून. मघाशी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. चष्मा लावून बघितला, परत लाव म्हणाल्या. मला वाटलं, ताटात काय काय आहे ते बघतायत. त्यांचं लक्ष मंडळींच्या मागच्या खिडकीकडे होतं.

"अगं, बाहेर अजून ऊन आहे की."