पर्यटक आले म्हणजे रोजगार आलाच, असे नव्हे

परवा माझ्या मावसभावाने एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "दादा, जमीन देऊन टाकू का?" सांस्कृतिक वारसा असलेल्या प्रदेशात पर्यटन आले की घरटी एक नोकरी मिळते, जगातील दर दहांपैकी एक रोजगार पर्यटनाचाच असतो आणि गर्दी वाढली की भरभराट होते, म्हणून जागा हॉटेलवाल्यांना विका; गाईडला शिक्षण लागत नाही, म्हणून मुलांना फार शिकवू नका, असा तो मजकूर आहे. घरातला माणूस त्यावर निर्णय घ्यायला निघाला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

दहांपैकी एक हा आकडा खोटा नाही, हे मान्य करावे लागते. जागतिक प्रवास व पर्यटन परिषदेच्या हिशेबानुसार २०१९ मध्ये सुमारे ३३ कोटी रोजगार या व्यवसायाशी निगडित होते. पण त्यात हॉटेलला माल पुरवणारे आणि हे सर्वजण आपली कमाई जिथे खर्च करतात ते दुकानदार वगैरेही धरलेले आहेत. माल, व्यवस्थापक आणि वाहने बाहेरून आली, तर यातील बराच रोजगारही बाहेरच राहतो. शिवाय २०२० या एकाच वर्षात सुमारे ६.२ कोटी रोजगार गेले, असे हीच परिषद सांगते. संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

सर्वांत घातक आहे तो जमीन विकण्याचा सल्ला. विक्रीची रक्कम एकदाच हाती येते आणि खर्चून जाते. नोकरीचे आश्वासन खरेदीखतात लिहिलेले नसते, आणि हंगाम संपला की सर्वांत आधी घरी बसवले जाते ते स्थानिक हंगामी कामगारांनाच. पेरूमधील टिटिकाका सरोवरातल्या टाकिले बेटावर लोकांनी बोटी स्वतः चालवल्या, पाहुणे कोणाच्या घरी उतरतील याच्या पाळ्या लावल्या आणि विणलेले कापड सहकारी दुकानातून विकले, तेव्हा पैसा बेटावर राहिला. पुढे प्रवासी वाहतूक बाहेरच्या व्यावसायिकांकडे गेली आणि उत्पन्नाचा मोठा वाटाही त्यांच्याकडे गेला. पर्यटक तेच, बेट तेच, विणकामही तेच. बदलली ती फक्त मालकी.

गर्दी वाढली की भरभराट होते, हेही खरे नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, आज पन्नास हजारही उरलेले नाहीत. घरे पाहुण्यांना भाड्याने देणे अधिक फायद्याचे ठरले, हे त्यामागचे एकमेव नसले तरी मोठे कारण आहे.

गाईडला शिक्षण लागत नाही, या विधानावर फार लिहायला नको. अनेक देशांत त्या परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि शिल्पाचा काळ, लिपी, परकी भाषा हे सारे शिकल्यावाचून येत नाही.

मावसभावाला मी कळवले आहे की जमीन विकू नकोस. द्यायचीच असेल तर ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने दे, आणि किती स्थानिकांना वर्षभर कामावर ठेवणार हे करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस.